जो गेम पेलतो, तोच अभ्यासही पेलतो

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की एक सल्ला घरोघर फिरू लागतो: "लॅपटॉप घ्या, पण गेमिंगचा अजिबात नको." सल्ला देणारे कधी काका असतात, कधी शेजारी, कधी वरच्या वर्षातल्या मुलाचे वडील, तर कधी कॉलेजातलेच सर. त्यामागची कारणंही ठरलेली असतात. अभ्यासाला एवढ्या ताकदीचं मशीन लागत नाही. असले लॅपटॉप तापतात, म्हणून टिकत नाहीत. आणि घरात गेम आला की पोरगं हातचं गेलं. ही तिन्ही कारणं मुलांच्या काळजीपोटी दिली जातात, याबद्दल मला शंका नाही. पण तिन्ही चुकीची आहेत. त्यांच्यावर विसंबून अनेक कुटुंबं पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे अशा मशीनवर घालतात, जे तिसऱ्या वर्षी, नेमकं प्रोजेक्ट ऐन भरात असताना, मान टाकतं. म्हणून या सल्ल्याचा मुद्देसूद प्रतिवाद व्हायलाच हवा.

माझं म्हणणं असं: इंजिनीअरिंग, आर्किटेक्चर, डिझाइन, अ‍ॅनिमेशन किंवा डेटा सायन्स शिकायला निघालेल्या मुलामुलींनी गेम नीट चालणारा लॅपटॉपच घ्यावा. अठराव्या वर्षी खेळावंसं वाटणं यात गैर काही नाही, त्यामुळे तेवढं कारणही मला पुरतं. पण त्याहून मोठं कारण म्हणजे, जे मशीन दोन तास गेम ओढतं तेच चार वर्षं अभ्यासाचा भार ओढतं.

पहिलं कारण घेऊ: "अभ्यासाला एवढी ताकद लागत नाही." कॉलेजातला संगणक म्हणजे टर्बो सी, वर्ड आणि पॉवरपॉइंट असं होतं, तेव्हा हे खरं होतं. आज मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला सॉलिडवर्क्समध्ये असेंब्ली फिरवायची असते आणि तिच्यावरचा ताण अ‍ॅन्सिसमध्ये काढायचा असतो. आर्किटेक्चरच्या विद्यार्थिनीला रेव्हिटमध्ये इमारत उभी करून ज्युरीच्या आदल्या रात्री ल्युमियनमध्ये तिचे रेंडर काढायचे असतात. रेव्हिटला किमान १६ जीबी रॅम लागते, असं ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनीच सांगते. अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एमुलेटर एकत्र चालवायचा तर गूगलही किमान १६ जीबीच मागते. अशा वेळी "शिक्षणासाठी उत्तम" म्हणून ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप मुलाच्या हाती देणं म्हणजे त्याची अडचण विकत घेणं.

मुळात गेम आणि हा अभ्यास ही संगणकाच्या दृष्टीने निराळी कामं नाहीतच. फुल एचडी पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. गेम सुरळीत चालायचा तर त्यातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला ६० वेळा ठरवावा लागतो. कोणती वस्तू पुढे, कोणती मागे, उजेड कुठून पडतो आणि सावली कुठे जाते, हे सगळं त्या क्षणात मोजायचं असतं. त्यासाठी हजारो साधी गणितं एकाच वेळी करणारी चिप लागते, आणि तीच ग्राफिक्स कार्डात असते. इमारतीचा रेंडर हेच गणित आहे. ब्लेंडरमधलं अ‍ॅनिमेशनही तेच. मशीन लर्निंगमधले मोठाले मॅट्रिक्स गुणाकारही याच चिपवर झपाट्याने होतात.

इतिहासही याला साक्ष आहे. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी अ‍ॅलेक्सनेट हे चित्रं ओळखणारं न्यूरल नेटवर्क तयार केलं. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेची सुरुवात अनेक जण तिथूनच मोजतात. ते शिकवलं गेलं जीटीएक्स ५८० या ग्राफिक्स कार्डाच्या दोन नगांवर. ही कार्डं दुकानात गेम खेळणाऱ्यांसाठी विकली जात होती. याच हिंटन यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी रसायनशास्त्राचं नोबेल वाटून घेणारे डेमिस हासाबिस तरुणपणी थीम पार्क हा गेम घडवणाऱ्यांपैकी एक होते. खेळण्याचं मशीन वेगळं आणि शिकण्याचं वेगळं, अशी भिंत या क्षेत्राने कधी पाळलीच नाही. ती आपण आपल्या घरात बांधतो आहोत.

इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे मान्य करतो. कॉमर्स, कायदा किंवा भाषा-साहित्य शिकणाऱ्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. त्याने चांगला कीबोर्ड, १६ जीबी रॅम आणि दिवसभर पुरणारी बॅटरी बघावी. रॅमच्या दोन पट्ट्या लावलेल्या असतील, तर आजच्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर हलकेफुलके गेमही चालतात. दुसरी गोष्ट मॅकबुकची. ते मशीन टिकतं, बॅटरी उत्तम चालते, हे निर्विवाद. पण सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट विंडोजसाठीच बनतात, व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ मॅकवर मिळत नाहीत, आणि विकत घेतल्यानंतर त्याची रॅम वाढवता येत नाही. ज्या शाखेचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, तिथे मॅकबुकचा सल्ला देणाऱ्याने अभ्यासक्रम उघडून पाहिलेलाच नसतो.

आता दुसरं कारण: "गेमिंग लॅपटॉप टिकत नाहीत." हे तपासायला पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीच्या एखाद्या टेबलाशी अर्धा तास उभं राहावं. तिथे येणाऱ्या लॅपटॉपचं दुखणं बहुतेक ठरलेलं असतं: हिंज, उष्णता, फुगलेली बॅटरी, मेलेला कीबोर्ड, अपुरी रॅम. यातलं एकही दुखणं गेममुळे जन्माला येत नाही. ते येतं बांधणीतून आणि वापरातून.

हिंजचंच बघा. झाकणाच्या कोपऱ्याशी प्लॅस्टिक फाकलेलं असतं आणि उघडताना कट्‌कन आवाज येतो. बॉडी उघडली की कारण दिसतं. बिजागरी पोलादाची असते, पण तिला धरणारे स्क्रू प्लॅस्टिकच्या खुंट्यांत दाबून बसवलेल्या छोट्या पितळी नळ्यांत आवळलेले असतात. झाकण रोज एकाच कोपऱ्याला धरून उघडलं, की सगळा पीळ त्या खुंटीवर येतो. एके दिवशी पितळी नळी प्लॅस्टिकसकट उखडते. बिजागरी शाबूत असते, तिची जागाच गेलेली असते. मग कारागीर अ‍ॅरल्डाइट भरून देतो आणि काही महिन्यांनी तेच दुखणं पुन्हा टेबलावर येतं. स्वस्त, पातळ, "विद्यार्थ्यांसाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये हे सर्रास होतं. स्वस्त गेमिंग लॅपटॉपही याला अपवाद नाहीत. म्हणून टिकाऊपणा बघायचा तो तिथे: झाकण मधोमध धरून उघडा, एका कोपऱ्याने उचला, कीबोर्डच्या मधे अंगठा दाबा, बॉडी किती वाकते ते पाहा. याला पैसे पडत नाहीत आणि दुकानदार नाहीही म्हणू शकत नाही.

उष्णतेचा आरोप जास्त गंभीर आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. गेमिंग लॅपटॉप तापतो हे खरं. पण साधा लॅपटॉप तापत नाही, हे खोटं. दोन्हींतल्या प्रोसेसरची सहनशक्ती १०० अंश सेल्सियसच्या आसपास संपते, आणि तिथे पोचल्यावर तो जीव वाचवण्यासाठी स्वतःचा वेग उतरवतो. पातळ लॅपटॉपमध्ये बहुधा एक छोटा पंखा आणि उष्णता वाहून नेणारी तांब्याची एकच नळी असते. गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन पंखे, अनेक नळ्या आणि हवेला मोठ्या वाटा असतात. रेव्हिटचं तेच काम दोघांना दिलं, तर पहिला बहुधा लवकर आपल्या मर्यादेला टेकतो आणि दुसऱ्याकडे सहसा जास्त वाव उरतो. सतत मर्यादेला टेकून राहिलेलं मशीन लवकर थकणार, हे समजायला इंजिनीअर व्हावं लागत नाही.

शिवाय आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घ्या. शोरूममध्ये एसी २४ अंशांवर असतो. चंद्रपूरच्या किंवा जळगावच्या हॉस्टेलच्या खोलीत मे महिन्यात दुपारी ३८-४० अंश असतात. बाहेरची हवा जितकी तापते, साधारण तितकंच आतलं तापमानही वर सरकतं. म्हणजे जो लॅपटॉप शोरूममध्येच ८५ अंशांवर होता, तो इथे सीमेवर पोचतो. गार राहण्याची उसंत ज्याच्याकडे जास्त, तोच विदर्भ-खानदेशात टिकणार. गेमिंग लॅपटॉप टिकत नाहीत म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी केलेलाच नसतो.

मग गेमिंग लॅपटॉप जळाल्याच्या गोष्टी कानावर येतात त्या कुठून? त्या बहुतेक गादीवरून येतात. बहुतेक लॅपटॉप हवा खालून ओढतात. गादीवर, गोधडीवर, मांडीवरच्या उशीवर ठेवला की ती वाट बंद होते. दोन वर्षं साफ न केलेल्या लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं, तर पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या बारीक पट्ट्यांवर, धूळ, केस आणि कापडाच्या तंतूंचा दाट थर दिसतो. हवा त्या थराला धडकून परत फिरते. वर्षातून एकदा सफाई, दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट बदलणं आणि खाली एक टणक पाट किंवा टेबल, एवढ्यावर हे निभतं. या हलगर्जीचा दोष मशीनच्या माथी मारणं बरोबर नाही.

टिकण्याचा आणखी एक अर्थ आहे, आणि सल्ला देणारे तो विसरतात. मशीन मोडलं नाही, पण कामाला पुरेनासं झालं, तरी ते संपलंच. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर कायमची सोल्डर केलेली असते. पहिल्या वर्षी ८ जीबी घेतली, तर शेवटच्या वर्षीही ८ जीबीच. याउलट एसुस टफ, लेनोवो एलओक्यू, एचपी व्हिक्टस, एसर नायट्रो अशा मालिकांतल्या बहुतेक मॉडेलांत रॅमचे दोन स्लॉट असतात, आणि अनेकांत दुसऱ्या एसएसडीची जागाही. पैसे साठतील तसं मशीन वाढवता येतं, एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. समजा, पंचावन्न हजारांचा लॅपटॉप अडीच वर्षांत कामातून गेला, तर तो वर्षाला बावीस हजारांना पडला. ऐंशी हजारांचा पाच वर्षं चालला, तर वर्षाला सोळा हजारांना. काटकसर कोणती, हे घरातल्या घरात ठरवता येईल.

गेमिंग लॅपटॉपचे खरे दोष मी लपवणार नाही. वजन सव्वादोन-अडीच किलो आणि वर अडॅप्टरचा अर्धा किलो. रोज लोकलने कर्जतहून मुंबई गाठणाऱ्या मुलीच्या खांद्याला ते जाणवणार. बॅटरी हलक्या कामावर चार-पाच तास आणि गेमवर जेमतेम तास-दीड तास. स्वस्त मॉडेलांचे पडदे फिके असतात. रंग नीट दिसत नाहीत, त्यामुळे डिझाइनच्या विद्यार्थ्याने पडदा आधी पाहावा. हे सगळं तोलून निवड करा. पण "खांद्याला जड" आणि "टिकत नाही" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली खरी म्हणून दुसरी खरी ठरत नाही.

"मग डेस्कटॉपच घ्या ना," असंही म्हणणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. त्याच पैशांत डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो, गार राहतो, सुटा सुटा दुरुस्त होतो. मूल घरूनच कॉलेज करणार असेल, तर जरूर घ्या. पण हॉस्टेलच्या खोलीत तिघांत एक टेबल असतं, एक्स्टेन्शन बोर्डावर सगळ्यांचे चार्जर असतात, दरवर्षी खोली बदलते आणि मधेच वीज जाते. वीज गेल्यावर लॅपटॉपच्या बॅटरीवर काम वाचतं. प्रोजेक्ट दाखवायला, हॅकेथॉनला डेस्कटॉप उचलून नेता येत नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांशी वाद घालतो, कारण नुकसान तेही कमी करत नाहीत. हे म्हणतात, "आय-सेव्हन आणि आरटीएक्स घे, बिनधास्त राहा." नावावर बिनधास्त राहण्याजोगं या बाजारात काहीही नाही. इंटेलच्या आय-सेव्हन १२५५यू या प्रोसेसरला १५ वॅटच्या चौकटीत काम करायचं असतं आणि त्यात जोरकस कोर दोनच असतात. आय-फाइव्ह १२४५०एच ४५ वॅटचा आहे आणि त्यात असे कोर चार. गेम आणि रेंडर बराच वेळ ओढायचा, तर हा "लहान" आय-फाइव्ह त्या "मोठ्या" आय-सेव्हनला मागे टाकतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३५एचएस ही दोन्ही नावं ७००० मालिकेतली. पण पहिल्याची रचना २०१९ च्या पिढीची असून त्यात चार कोर आहेत, तर दुसरा त्यापेक्षा बराच नवा आणि सहा कोरांचा.

ग्राफिक्स कार्डाची गोष्ट याहून वाईट. आरटीएक्स ४०६० हे एकच नाव ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंतच्या लॅपटॉपवर छापता येतं. पेटीवरचा स्टिकर तोच, किंमतही पुष्कळदा जवळपास, आणि कामात मोठा फरक. म्हणून कार्डाचं नाव विचारून थांबू नका. त्याला किती वॅट दिलेत ते विचारा. कार्डाची स्वतःची मेमरी किती तेही विचारा, कारण ४ जीबीवर नवे गेम अडखळतात आणि मोठे रेंडरही. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावरची त्या अचूक मॉडेल क्रमांकाची माहिती उघडायला लावा. "मिल-स्टँडर्ड ८१०एच" असा शिक्का दिसला तरी हुरळून जाऊ नका. ती अमेरिकेच्या संरक्षण खात्याची चाचण्यांची पद्धती आहे: पडणं, कंपन, धूळ, दमट हवा आणि असं बरंच काही. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनी ठरवते, आणि कोणतीही सरकारी संस्था त्याचं प्रमाणपत्र देत नाही. त्या शिक्क्यापेक्षा तीन वर्षांची वॉरंटी, पडझडीचं संरक्षण आणि तुमच्या जिल्ह्याच्या गावात असलेलं सर्व्हिस सेंटर यांवर जास्त भिस्त ठेवा.

मशीन हाती आलं, की बदलून मिळण्याची मुदत संपण्याआधी त्याची परीक्षा घ्या. नवी गाडी सपाट रस्त्यावर सगळीच चांगली पळते, ती कळते खंबाटकीच्या चढावर. लॅपटॉपचा चढ म्हणजे गेम. एक जड गेम किंवा ब्लेंडरचा रेंडर अर्धा तास चालू ठेवा. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमान आणि वेग बघत राहा. पहिल्या पाच मिनिटांतला वेग विसाव्या मिनिटाला कितपत उरला? कीबोर्ड हात ठेवण्याजोगा राहिला का? चित्र मधेच अडकतं का? ही परीक्षा वर्डची फाइल उघडून होत नाही. टिकाऊपणाची खरी चाचणी घरबसल्या देणारं साधन म्हणजे गेम, आणि आपण नेमका त्यालाच दारात अडवतो.

राहिलं तिसरं कारण: "पोरगं बिघडेल." इथे मी पालकांची भीती उडवून लावणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डर आहे. हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. पण त्यात काय लिहिलंय तेही पाहावं. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळालाच महत्त्व देणं, नुकसान दिसूनही खेळतच राहणं, आणि हे साधारणपणे वर्षभर चालणं. त्या व्याख्येत लॅपटॉपच्या किमतीचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा उल्लेख नाही. ज्याला असं व्यसन जडायचं, त्याला ते खिशातल्या मोबाइलवरही जडतं. ग्राफिक्स कार्ड काढून घेतल्याने व्यसन जात नाही, फक्त रेंडर जातो.

पैसे लावून खेळण्याची भीती असेल, तर तीही वेगळी काढून बघा. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. कायद्याला जो फरक कळतो, तो घरातही कळायला हवा. मित्रांबरोबर रात्री तासभर काउंटर-स्ट्राइक खेळणारा विद्यार्थी आणि जुगारात फी उडवणारा विद्यार्थी यांना एकाच मापाने मोजणं अन्याय आहे.

या भीतीची सर्वात मोठी किंमत मुलींना मोजावी लागते. मुलासाठी निदान वाद तरी होतो. मुलीला "तुला कशाला एवढा मोठा?" म्हणून गुलाबी नाहीतर चंदेरी रंगाचा हलका लॅपटॉप हातात दिला जातो. तिचा अभ्यासक्रम तोच, सॉफ्टवेअर तेच, ज्युरी तीच. रेंडर अडकला की तिला मात्र मैत्रिणीचं किंवा मित्राचं मशीन मागावं लागतं, तेही रात्री, सबमिशनच्या आधी. याला काळजी म्हणत नाहीत, तिचे गुण कापणं म्हणतात.

या गोंधळाची जबाबदारी एकट्या पालकांवर ढकलून चालणार नाही. कॉलेजं प्रवेशाच्या वेळी फीचे तक्ते, हमीपत्रं आणि गणवेशाच्या सूचना छापून देतात. चार वर्षांत कोणतं सॉफ्टवेअर वापरावं लागेल आणि त्याला किती रॅम, कोणतं कार्ड लागेल, हे मात्र फार थोडी कॉलेजं सांगतात. प्रत्येक विभागाने आपल्या शाखेची अशी एक पानाची यादी प्रवेशपुस्तिकेत छापावी. विभागप्रमुखांना ती एका दुपारी तयार करता येईल, आणि पालक दुकानात अफवेऐवजी कागद घेऊन जातील. ती यादी मागणं हा फी भरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा हक्क आहे, आणि तो या प्रवेशाच्या हंगामात बजावलाच पाहिजे.